रबरी ऑक्टोपस, गोरिला आणि तीन मुडदे

वाईट पिक्चर दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात आपण अर्ध्या तासाने घड्याळ बघतो, पाऊण तासाने मोबाइल काढतो आणि घरी कोणी विचारलं 'कसा होता?' तर 'ठीक' म्हणून मोकळे होतो. आठवड्याभरात त्यातलं काहीही आठवत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र आपण डोळे फाडून बघत बसतो. दफनभूमीतलं थडगं पुठ्ठ्याचं आहे हे दिसतंय, उडत्या तबकडीची दोरी दिसतेय, राक्षसाच्या पाठीची चेन दिसतेय आणि तरी उठवत नाही. उलट दुसऱ्या दिवशी चार मित्रांना फोन करून 'अरे तू हा बघितलायस का?' असं विचारावंसं वाटतं.

आजचा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल. त्यातही १९५० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या स्वस्तातल्या विज्ञान-भयपटांबद्दल. हे पिक्चर बघून हसणं सोपं आहे (आणि मी पोट धरून हसतो, ते नाकारत नाही). पण ते निघाले कसे, कोणी काढले आणि त्या माणसांचं पुढे काय झालं हे वाचत गेलो, तसं त्या हसण्यात थोडं वेगळंही काही मिसळायला लागलं. ते काय, हे सांगण्यासाठी जरा इतिहासात जावं लागेल.

मुळात एवढे स्वस्त पिक्चर निघालेच का? त्याला कारण एक कोर्टाचा निकाल. तोपर्यंत हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंच्या मालकीची स्वतःची थिएटरं होती. म्हणजे माल बनवणारे तेच, दुकानदारही तेच. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याविरुद्ध निकाल दिला आणि स्टुडिओंना आपली थिएटरं हळूहळू वेगळी करावी लागली. त्याच सुमारास घरोघरी टीव्ही आला. प्रेक्षक कमी झाले, तसे स्टुडिओ कमी पण भव्य पिक्चर काढायला लागले. थिएटरवाल्यांची मात्र पंचाईत झाली. एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायची तिथली जुनी रीत, आणि दुसरा पिक्चर आणायचा कुठून?

शिवाय गाडीत बसून सिनेमा बघायची ड्राइव्ह-इन थिएटरं तेव्हा भराभर वाढत होती. १९५० चं दशक संपेपर्यंत अमेरिकेत अशी चार हजारांहून जास्त थिएटरं झाली. तिथे येणारा प्रेक्षक मुख्यतः तरुण. गाडी बाबांची, शेजारी मैत्रीण, आणि पडद्यावर काय चाललंय याच्याशी संबंध जेमतेम :) अशा प्रेक्षकाला अभिनय-बिभिनय नको होता. पोस्टर झकास हवं आणि मधूनमधून किंकाळी हवी. ही गरज ओळखून १९५४ साली जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आर्कॉफ या दोघांनी जी कंपनी काढली तीच पुढे 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स' म्हणून गाजली. निकल्सन आधी पिक्चरचं नाव शोधायचा, मग पोस्टर तयार करून घ्यायचा, आणि ते थिएटरवाल्यांना पसंत पडलं तर मग पटकथा! आमच्या धंद्यात सेल्सवाले आधी प्रॉडक्ट विकून येतात आणि मग डेव्हलपरला सांगतात, त्यातलाच प्रकार.

आता भयपटच का? एक तर काळच तसा होता. अणुबॉम्ब पडून गेला होता, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या चालू होत्या आणि १९४७ पासून पेपरात उडत्या तबकड्यांच्या बातम्या येत होत्या. दुसरं कारण शुद्ध व्यवहाराचं. प्रेमकथेला स्टार लागतो आणि स्टारला पैसे लागतात. भयपटात स्टार म्हणजे राक्षस. त्याला लागतं रबर.

रबरही परवडत नसेल तर? त्याचं उत्तर म्हणजे १९५३ चा 'रोबॉट मॉन्स्टर'. डायरेक्टर फिल टकर, वय पंचविशीच्या आसपास. हातात साधारण सोळा हजार डॉलर आणि चार दिवस. गोष्टीत चंद्रावरून... माफ करा, परग्रहावरून आलेला एक रोबॉट पृथ्वीवरची जवळजवळ सगळी माणसं मारून टाकतो आणि उरलेल्या मूठभर माणसांच्या मागे लागतो. पण रोबॉटचा पोशाख करून घ्यायला पैसे नव्हते. जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे मात्र स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. मग काय, बॅरोजला बोलावलं, गोरिलाच्या धडावर पाणबुडे घालतात तसलं शिरस्त्राण चढवलं, त्याला अँटेना लावल्या, झाला रोबॉट! त्याचं यंत्र म्हणजे एका गुहेच्या तोंडाशी ठेवलेलं साबणाचे फुगे सोडणारं मशीन. आणि या मशीनला श्रेयनामावलीत चक्क वेगळी ओळ आहे.

या पिक्चरचं संगीत कोणाचं असेल? एल्मर बर्नस्टीनचं. हाच माणूस पुढे 'द टेन कमांडमेंट्स' (१९५६) आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) यांचं संगीत करणार होता. तेव्हा डाव्या विचारांच्या कलाकारांवर संशय घेण्याचे दिवस होते, बर्नस्टीनलाही मोठी कामं मिळेनाशी झाली होती. म्हणून तो इथे आला. पण काम त्याने अंग चोरून केलेलं नाही. डोळे मिटून ऐकलं तर एखादी मोठी शोकांतिका चालली आहे असं वाटावं. डोळे उघडले की समोर गोरिला टेकडी चढतोय.

आणि गंमत म्हणजे शोकांतिका खरंच चालली आहे. या रोबॉटला एक मुलगी आवडायला लागते. वरून हुकूम आहे मारून टाकायचा, आणि मन घेत नाही. मारलं पाहिजे पण मारवत नाही, हा पेच तो हातवारे करत मोठ्याने बोलून दाखवतो. वाक्यं हास्यास्पद आहेत, पण लिहिणाऱ्याला काहीतरी म्हणायचं होतं हे कळतं. ते म्हणायला त्याच्याकडे एक गोरिला होता, बस्स.

हा पिक्चर लिहिणाऱ्याचं नाव वायट ऑर्डंग. त्यानेच १९५४ साली 'मॉन्स्टर फ्रॉम द ओशन फ्लोअर' डायरेक्ट केला, आणि त्याचा प्रोड्यूसर होता रॉजर कॉर्मन. इथे आम्हा इंजिनिअर लोकांनी कान टवकारायला हरकत नाही. कॉर्मन स्टॅनफर्डचा इंडस्ट्रियल इंजिनिअर! १९४७ साली पदवी घेऊन तो इलेक्ट्रिक मोटर बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि सोमवारी लागलेली नोकरी त्याने गुरुवारी सोडली. (आपल्यापैकी किती जणांनी हे मनातल्या मनात केलंय, हात वर करा.) डिग्री मात्र वाया गेली नाही. कमीत कमी वेळात, कमीत कमी मालात, जास्तीत जास्त उत्पादन कसं काढायचं हे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग त्याने पुढे आयुष्यभर केलं, फक्त कारखान्याऐवजी सेटवर. त्या पहिल्या सागरी राक्षसपटासाठी त्याला पाणबुडी हवी होती. एका कंपनीने एकट्या माणसाने चालवायची छोटी पाणबुडी बनवल्याचं त्याने पेपरात वाचलं, फोन केला, आणि 'तुमची जाहिरात होईल' सांगून फुकटात मिळवली.

कॉर्मनचा मला सगळ्यात आवडणारा किस्सा 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' (१९५६) चा. राक्षस शुक्रावरून येतो. कॉर्मनमधल्या इंजिनिअरने विचार केला, जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथला प्राणी बुटका आणि पसरट असणार. (शुक्राचं गुरुत्वाकर्षण खरं तर आपल्यापेक्षा किंचित कमीच आहे, पण जाऊ दे.) पॉल ब्लेझडेल नावाच्या कारागिराने तसा राक्षस बनवला. काकडी उभी ठेवून तिला दात आणि खेकड्याचे नांगे लावावेत, तसा. शूटिंगच्या वेळी नायिका बेव्हर्ली गार्लंड त्या ध्यानासमोर उभी राहिली, वरून खाली त्याच्याकडे बघितलं, 'हा जग जिंकणार?' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली आणि लाथ घातली. कॉर्मनच्या लक्षात आलं, गणित बरोबर असून उपयोग नाही, राक्षस नायिकेपेक्षा उंच पाहिजे. राक्षस उंच करून घेतला गेला.

कॉर्मन म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) या माणसं खाणाऱ्या झाडाच्या पिक्चरचं मुख्य शूटिंग त्याने दुसऱ्या कोणाच्या तरी उरलेल्या सेटवर दोन दिवसांत उरकलं. दाताच्या डॉक्टरकडे हौसेने दुखवून घ्यायला येणारा त्यातला पेशंट म्हणजे तरुण जॅक निकल्सन. कपोला, स्कॉर्सेसी, जेम्स कॅमेरॉन ही मंडळी कॉर्मनच्याच तालमीतली. 'गॅलक्सी ऑफ टेरर' (१९८१) च्या वेळी कॅमेरॉनला तुटक्या हातावर अळ्या वळवळताना दाखवायच्या होत्या, आणि अळ्या हलेनात. त्याने हाताखालून वायर नेली आणि 'ॲक्शन' म्हटलं की करंट सोडायची व्यवस्था केली. पुढे 'अवतार' काढणाऱ्या माणसाची ही शाळा! कॉर्मनला २००९ साली मानद ऑस्कर मिळालं आणि २०२४ च्या मे महिन्यात तो ९८ व्या वर्षी गेला. थोडक्यात काय, स्वस्त पिक्चर काढूनही माणसाचं भलं होऊ शकतं.

एड वुडचं झालं नाही.

एडवर्ड वुडचा जन्म १९२४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात नौसैनिक दलात लढून आला आणि हॉलिवूडला पोचला. अंथरूण बघून पाय पसरणं त्याला जमलंच नाही. त्याच्याकडे अंथरूणच नव्हतं आणि पाय मात्र थेट अंतराळापर्यंत पसरायचे होते. १९५५ च्या 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर' मध्ये भला मोठा रबरी ऑक्टोपस आहे. हा ऑक्टोपस हलवणारी मोटर नव्हती. मग नटाने पाण्यात उतरून एकेक पाय स्वतःच स्वतःभोवती गुंडाळायचा आणि 'मेलो, मेलो' करायचं.

त्या पिक्चरचा नायक-खलनायक बेला लुगोसी. १९३१ चा 'ड्रॅक्युला' म्हणजे हाच. पण वीस-पंचवीस वर्षांत जग त्याला विसरलं होतं. वेदनाशामक म्हणून घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागलं होतं, १९५५ साली तो स्वतःहून इस्पितळात दाखल झाला. हॉलिवूडमध्ये त्याला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा वुड त्याच्यासाठी भूमिका लिहीत होता. १६ ऑगस्ट १९५६ ला लुगोसी गेला. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यासह पुरलं.

वुडकडे लुगोसीची थोडीशी फिल्म उरली होती. काही मिनिटांचीच, मुकी. एका घरातून बाहेर येऊन तो फूल तोडतो, झगा पसरून फिरतो, असं काहीबाही. दुसरा कोणी असता तर ती डब्यात ठेवून दिली असती. वुडने तिच्याभोवती अख्खा पिक्चर रचला. 'लुगोसीचा शेवटचा चित्रपट' म्हणून जाहिरात करता आली असती हा व्यवहार त्यात होताच, पण मित्राला आणखी एकदा पडद्यावर आणायचं हेही होतं असं मला वाटतं. उरलेल्या दृश्यांत लुगोसीच्या जागी वुडने आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे हाडं बसवणाऱ्याला, उभं केलं. त्याचा चेहरा जुळत नव्हता, उंचीही जास्त. उपाय? त्याने पूर्ण पिक्चरभर झगा नाकापर्यंत ओढून फिरायचं.

हाच तो सुप्रसिद्ध 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. पैसे दिले बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी, बजेट साधारण साठ हजार डॉलर. मूळ नाव 'ग्रेव्ह रॉबर्स फ्रॉम आउटर स्पेस' होतं. थडगी लुटण्याचा उल्लेख त्यांना रुचला नाही, म्हणून बदललं. शिवाय नटमंडळींपैकी काहींना बाप्तिस्मा घ्यावा लागला. आपल्याकडे प्रोड्यूसरच्या भाच्याला भूमिका देतात, त्यापेक्षा हे बरं म्हणायचं.

गोष्ट अशी: परग्रहवासी पृथ्वीवरचे मुडदे उठवून माणसांना वठणीवर आणायचं ठरवतात. हा त्यांचा नववा प्लॅन (आधीच्या आठांचं काय झालं हे विचारायचं नाही). पृथ्वीवर स्वारी करायला ते एकूण मुडदे उठवतात तीन! एकाच प्रसंगात एका शॉटला दिवस, पुढच्याला रात्र. विमानाच्या कॉकपिटमध्ये यंत्रं जवळजवळ नाहीतच, मागे एक पडदा लावलाय. पोलिस अधिकारी हातातल्या पिस्तुलानेच डोकं खाजवतो. आपल्याकडे गणेशोत्सवातल्या गल्लीच्या नाटकात शिवाजी महाराजांची मिशी सुटते आणि महाराज ती एका हाताने धरून संवाद पुरा करतात, तो आनंद इथे सव्वा तास सलग मिळतो.

पण शेवटाकडे एक प्रसंग येतो तो मी दोनदा बघितला. परग्रहवासी सांगतो की तुम्ही माणसांनी आधी फटाके काढले, मग अणू फोडला, मग हायड्रोजन बॉम्ब केला. आता तुम्ही सूर्यप्रकाशच फोडायला शिकाल, आणि जिथे जिथे सूर्याचं ऊन पोचतं ते सगळं नष्ट होईल. म्हणून तुम्हाला थांबवायला आलोय. यावर अमेरिकन नायकाचं उत्तर साधारण असं, की असा बॉम्ब बनला तर आपला देश आणखीच बलवान होईल की! विज्ञान धादांत चुकीचं आहे, अभिनय विचारू नका. पण ज्या काळात बॉम्बविरुद्ध बोलणारा माणूस संशयित ठरायचा, त्या काळात शहाणपणाची बाजू परग्रहवासीयाच्या तोंडी आणि मूर्खपणाची नायकाच्या तोंडी आलेली आहे. वुडने हे जाणूनबुजून केलं की झालं, सांगता येत नाही. पण कोट्यवधींच्या कितीतरी पिक्चरमध्ये एवढंही सापडत नाही.

१९५७ साली पिक्चरचा पहिला खेळ झाला. फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे तो टीव्हीवर रात्री उशिरा लागायला लागला. वुड स्वस्त कादंबऱ्या लिहीत राहिला, मग अश्लील पिक्चर, मग दारू. डिसेंबर १९७८ मध्ये भाडं थकल्यामुळे नवराबायकोला घरातून बाहेर काढलं. काहीच दिवसांत, १० डिसेंबरला, मित्राच्या घरी हृदयविकाराने तो गेला. वय ५४.

आणि १९८० साली मेडव्हेड बंधूंचं 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' नावाचं पुस्तक आलं. त्यात आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट 'प्लॅन नाइन', सर्वांत वाईट दिग्दर्शक एड वुड. झालं, लोकांच्या उड्या पडल्या. मध्यरात्रीचे खेळ, हाउसफुल. १९९४ साली टिम बर्टनने त्याच्यावर सुंदर पिक्चर काढला, जॉनी डेप वुड झाला आणि लुगोसी झालेल्या मार्टिन लँडाउला ऑस्कर मिळालं. वुडच्या कुठल्याही पिक्चरपेक्षा वुडवरच्या पिक्चरला जास्त पैसे लागले असणार, हे सांगायला नकोच. दोन वर्षं. वुड आणखी दोन वर्षं जगला असता तर... 'सर्वांत वाईट' म्हणून का होईना, लोक रांगा लावून आपला पिक्चर बघतायत हे त्याला दिसलं असतं. त्याला अपमान वाटला असता की आनंद झाला असता? मला वाटतं, आनंद.

हसण्याचीही नंतर एक परंपरा झाली. १९८८ साली मिनियापोलिसच्या एका छोट्या टीव्ही स्टेशनवर जोएल हॉजसनने 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू केलं. एक माणूस आणि भंगारातल्या वस्तूंपासून केलेले रोबॉट थिएटरात बसून टुकार पिक्चर बघतात आणि शेरे मारतात. हॉस्टेलच्या टीव्ही रूममधली मागची रांगच म्हणा ना. या कार्यक्रमाने कितीतरी विसरलेले पिक्चर जिवंत ठेवले, 'रोबॉट मॉन्स्टर' सुद्धा त्यात आला. मला तो आवडतो, कारण तो कार्यक्रमही तितकाच स्वस्तातला आणि हाताने केलेला होता. हसणारे आणि ज्याला हसतायत तो, दोघेही एकाच जातकुळीचे.

मग हे मुद्दाम का करता येत नाही? प्रयत्न झालेत. २०१३ चा 'शार्कनेडो' घ्या. वादळातून शार्क उडत येतात. एकदा हसलो, दहा मिनिटांनी कंटाळलो. कारण बनवणाऱ्यालाच आधीपासून माहीत आहे की हे वाईट आहे, तो आपल्याकडे बघून डोळा मारतोय. सुसान सोंटॅगने १९६४ मध्येच आपल्या निबंधात भाबडं आणि मुद्दाम केलेलं यांतला हा फरक सांगून ठेवला होता, आणि खरी मजा भाबड्यात असते हेही.

नुसतं स्वस्त असणं हेही कारण नाही. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) साधारण सव्वा लाख डॉलरच्या आत झाला, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, आणि तो बघताना अजूनही पोटात गोळा येतो. तिथे जॉर्ज रोमेरोने जेवढं जमेल तेवढंच मागितलं. आपल्याकडे रॅमसे बंधूंनी 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) पासून हेच केलं. सात भाऊ, कॅमेरा एकाचा, आवाज एकाचा, एडिटिंग एकाचं. 'पुराना मंदिर' (१९८४) बघताना मुखवटा दिसतो आणि भीतीही वाटते.

म्हणजे गंमत येते ती झेप आणि हात यांच्यातल्या अंतरातून. चांगल्या पिक्चरमध्ये कारागिरी लपलेली असते, आपल्याला फक्त गोष्ट दिसते. इथे प्रोग्रॅम क्रॅश होऊन सगळा कोड स्क्रीनवर यावा तसं आतलं सगळं दिसतं. गोष्टही दिसते, आणि ती गोष्ट सांगण्यासाठी धडपडणारा माणूसही दिसतो. आपण पडद्यावर दोन पिक्चर एकदम बघत असतो. पहिला परग्रहवासीयांचा, तो फालतू आहे. दुसरा एका माणसाचा, ज्याच्याकडे पैसे नाहीत, वेळ नाही, बहुधा प्रतिभाही नाही, आणि तरी तो थांबत नाही. तो मला कधीच फालतू वाटलेला नाही.

म्हणूनच 'सर्वांत वाईट' हा किताब मला खोटा वाटतो. सर्वांत वाईट पिक्चर ते, जे कोणाच्याच लक्षात राहिले नाहीत आणि जे बनवताना कोणाला काही पडलेलीही नव्हती. 'प्लॅन नाइन' त्यांत नक्की नाही. हसा, भरपूर हसा. फक्त हसताना त्या माणसाचं नाव लक्षात असू द्या.

असो. सुरुवात करायची असेल तर 'रोबॉट मॉन्स्टर' पासून करा, तासाभराचाच आहे. मग 'प्लॅन नाइन', आणि त्यानंतर लगेच बर्टनचा 'एड वुड'. क्रम बदलू नका. आणि एकट्याने बघू नका, चार मित्र आणि भेळ असल्याशिवाय मजा नाही.